‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणजे नेमका किती प्रकाश?

घरातल्या झाडांसाठी दिवा घ्यायचा तर तो ‘फुल स्पेक्ट्रम ग्रो लाइट’च हवा, साध्या एलईडी बल्बखाली झाडं वाढत नाहीत, हे विधान आज इतक्या ठामपणे केलं जातं की त्याचा पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. रोपवाटिकेत ते ऐकू येतं, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या दिव्यांच्या खोक्यांवर छापलेलं असतं, घरच्या बागेच्या कार्यशाळांतही तेच सांगितलं जातं. मला या विधानाला सरळ विरोध करायचा आहे. पानावर दिवसभरात एकूण किती प्रकाश पडला, यावर झाडाची वाढ आधी ठरते. रंगांच्या मिश्रणाचा प्रश्न त्यानंतर येतो. जो दिवा या ‘किती’चं उत्तर देत नाही, त्याच्या ‘फुल स्पेक्ट्रम’ असण्यावर पैसे खर्च करायला काहीच आधार नाही.

हा हौशी लोकांचा किरकोळ वाद आहे असं कुणी समजू नये. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गॅलरी असली तर ती उत्तरेला असते, नाहीतर समोरच्या टॉवरने तिचं ऊन अडवलेलं असतं. अशा घरात कुणीतरी हौसेने तुळस, पुदिना, एखादं जास्वंद आणून ठेवतं. महिन्याभरात खोड बारीक होऊन खिडकीकडे झुकतं, पेरांमधलं अंतर वाढतं, नवी पानं आधीच्या पानांपेक्षा लहान येतात. मग ‘फुल स्पेक्ट्रम’ लिहिलेला जांभळा दिवा घरात येतो आणि फुटभर अंतरावर लावला जातो. तरीही झाड जातं. शेवटी माणूस म्हणतो, ‘माझ्या हाताला झाडं लागत नाहीत.’ मला सर्वांत जास्त सलतं ते हे वाक्य. हाताचा काही दोष नसताना माणसं झाडं लावणं सोडून देतात, आणि दोष असतो तो न सांगितलेल्या आकड्यांचा.

दाव्यातली एकेक गोष्ट तपासू.

पहिली गोष्ट, ‘फुल स्पेक्ट्रम’ हा खास झाडांसाठी बनवलेला प्रकाश असतो. या शब्दांना कोणतंही ठरलेलं मोजमाप नाही. कोणत्या तरंगलांबीपासून कोणत्या तरंगलांबीपर्यंत आणि कोणत्या प्रमाणात प्रकाश असला म्हणजे ते नाव द्यायचं, याचं बंधन उत्पादकावर नाही. दुसरीकडे, घरातला साधा पांढरा एलईडी बल्ब कसा चालतो ते पाहा. त्याच्या आत निळा प्रकाश देणारी चिप असते. ही निळी एलईडी शक्य केल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चिपवर फॉस्फरचा पिवळसर थर असतो. तो निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून हिरव्यापासून लालपर्यंतचा पट्टा बाहेर टाकतो, आणि उरलेला निळा त्यात मिसळून आपल्याला पांढरा उजेड दिसतो. म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला लागणाऱ्या ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्याचा बहुतेक भाग शंभर-सव्वाशे रुपयांच्या बल्बमध्येही असतो. ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या दिव्यांतही याच जातीच्या चिप असतात, सोबत थोड्या लाल बसवलेल्या असतात. त्या लाल चिपचा उपयोग आहे, त्याकडे मी येणारच आहे. पण झाड जगणार की मरणार हे त्यांच्यावर ठरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त रुजलेली आहे. झाडाला फक्त लाल आणि निळा प्रकाश लागतो, हिरवा तो परत फेकतो, म्हणून पान हिरवं दिसतं आणि म्हणून पांढऱ्या दिव्यातला हिरवा भाग वाया जातो. हे शाळेत शिकलेल्या आलेखावर उभं आहे, त्यामुळे पटकन पटतं. पण तो आलेख पानाचा नाही. पानातलं हरितद्रव्य द्रावकात काढून काचेच्या नळीत मोजलं की लाल आणि निळ्यात दोन उंच शिखरं येतात आणि मध्ये दरी दिसते. जिवंत पानात प्रकाश पेशींच्या थरांमधून इकडेतिकडे परावर्तित होत जातो, त्याला शोषलं जाण्याची संधी पुन्हा पुन्हा मिळते, आणि हरितद्रव्याखेरीज इतर रंगद्रव्यंही कामाला असतात. निरोगी हिरवं पान हिरव्या प्रकाशाचा साधारण ७० ते ९० टक्के भाग शोषून घेतं. आपल्या डोळ्याला दिसतो तो उरलेला थोडा भाग, आणि डोळा हिरव्यालाच सर्वांत संवेदनशील असल्याने तो थोडा भागही ठळक वाटतो.

हे नुसतं तर्काने सांगायची गरज नाही. कीथ मॅक्री यांनी २२ पीक-जातींच्या पानांवर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण किती होतं ते मोजलं आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केलं. लाल सर्वांत कार्यक्षम निघाला हे खरं, पण हिरवा निकामी ठरला नाही; तो निळ्याच्या आसपास राहिला. ४०० ते ७०० नॅनोमीटर हा पट्टा आज जगभर वापरला जातो त्यामागे हेच काम आहे. पुढे जपानमध्ये इचिरो तेराशिमा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सूर्यफुलाच्या पानांवर दाखवलं की तीव्र पांढऱ्या प्रकाशात जास्तीचा हिरवा प्रकाश हा जास्तीच्या लालपेक्षा अधिक उपयोगी पडतो. कारण साधं आहे. लाल आणि निळा पानाच्या वरच्या थरातच संपतात, आणि तो थर आधीच भरलेला असतो. हिरवा आत उतरतो आणि खालच्या पेशींना काम देतो. ज्याला वाया गेलेला म्हटलं जातं, तोच प्रकाश पानाच्या तळापर्यंत पोचतो.

इथे हटकून नासाचं नाव पुढे केलं जातं: अंतराळात लाल-निळे दिवे वापरतात, म्हणजे तेच उत्तम. नासाने सुरुवातीला लाल एलईडी निवडल्या त्या त्या काळात उपलब्ध असलेल्या, हलक्या आणि कमी वीज खाणाऱ्या म्हणून. यानात किलो आणि वॅट दोन्ही मोजून मिळतात. पण त्याच नासाच्या केनेडी अंतराळ केंद्रातल्या संशोधकांनी २००४ मध्ये लेट्यूसवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. लाल-निळ्याच्या जोडीला २४ टक्के हिरवा दिला तेव्हा वाढ जास्त झाली. हिरवा निम्म्याच्या वर गेल्यावर फायदा उरत नाही हेही त्यांनी नोंदवलं; पांढऱ्या एलईडीत तो साधारणपणे निम्म्याच्या आत असतो. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेल्या ‘व्हेजी’ या रोपपेटीत लाल आणि निळ्याबरोबर हिरवे दिवेही आहेत. नासाचा दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यावा.

जांभळ्या उजेडाचा एक तोटा तर रोजच्या कामातला आहे. त्या उजेडात पान काळपट दिसतं. पिवळं पडू लागलेलं पान, पानामागचा लाल कोळी, पेरात बसलेला पिठ्या ढेकूण, जास्त पाण्याने आलेली मरगळ, यातलं काहीही वेळेवर नजरेस येत नाही. झाडं सांभाळणं म्हणजे निम्मं काम पाहण्याचं. जो दिवा पाहू देत नाही, तो बैठकीच्या खोलीत कशासाठी लावायचा?

तिसरी गोष्ट, अतिनील आणि अवरक्त किरणं असल्याशिवाय दिवा परिपूर्ण नाही. खिडकीच्या काचेतून अतिनील ‘बी’ किरणं जवळजवळ आत येतच नाहीत, तरी खिडकीतली झाडं पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहेत. घरच्या झाडाला वाढीसाठी वेगळ्या अतिनील दिव्याची गरज नसते. ७०० नॅनोमीटरच्या पुढच्या गडद लालचं प्रकरण वेगळं आहे. तो इतर प्रकाशाच्या जोडीला असला तर प्रकाशसंश्लेषणाला हातभार लावतो, हे रॉबर्ट इमर्सन यांनी १९५० च्या दशकात दाखवलं आणि अलीकडच्या संशोधनाने ते अधिक स्पष्ट केलं आहे. पण तोच प्रकाश झाडाला सावलीचा इशाराही देतो आणि खोड लांबवतो. अंधाऱ्या फ्लॅटमधल्या, आधीच शेलाट्या झालेल्या तुळशीला आणखी लांबवणारा प्रकाश देण्यात शहाणपण नाही.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे. ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा प्रत्येक फोटॉन निळ्यापेक्षा कमी ऊर्जेचा असतो. एका ज्यूल ऊर्जेत असे लाल फोटॉन जास्तीत जास्त ५.५ मायक्रोमोल मिळू शकतात, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्यात सुमारे ३.८. म्हणून जो माणूस बंदिस्त शेडमध्ये व्यापारी तत्त्वावर भाजी पिकवतो, त्याने पांढऱ्यात लाल चिप मिसळणं हा विजेच्या बिलाचा चोख हिशोब आहे. निळा प्रकाश रोप बुटकं आणि दाट ठेवतो, हेही खरं. आणि प्रकाश हा झाडासाठी अन्नाइतकाच ऋतूचा निरोपही असतो. महाराष्ट्रातले ड्रॅगनफ्रूटचे बागायतदार थंडीत रात्री बागेत बल्ब लावून बिगरहंगामी फुलं आणतात, आणि शेवंतीचे उत्पादक रात्री दिवे लावून फुलोरा लांबवतात. तिथे मंद दिवाही पुरतो, कारण काम इशाऱ्याचं असतं. पण घरात वाढ खुंटलेल्या झाडाला इशारा नको असतो, त्याचं पोट रिकामं असतं. दोन वेगळ्या गरजा एकाच खोक्यावर छापून विकल्या जातात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

चौथी गोष्ट वॅटची, आणि इथे मात्र मी ‘गैरसमज’ असा मवाळ शब्द वापरणार नाही. कुंडीला चिमट्याने लावायचा, वाकणाऱ्या दांड्यांचा एक दिवा हातात घ्या. खोक्यावर ४० वॅट, कधी ८० वॅट असा आकडा असतो. त्याची वायर यूएसबीची असते. आता वायरीवरचं किंवा सोबतच्या अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा: ५ व्होल्ट, २ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार १० वॅट. यापेक्षा जास्त वीज त्या दिव्याला मिळणारच नाही, मग ४० वॅटचा प्रकाश येणार कुठून? त्यातही ती वीज तीन-चार दांड्यांत वाटली जाते. खोक्यावरचा आकडा म्हणे ‘समतुल्य’ असतो, पण कशाशी समतुल्य ते लिहिलेलं नसतं. याउलट किराणा दुकानातल्या साध्या एलईडी बल्बच्या खोक्यावर वॅट असतात, लुमेन असतात आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टीही असते. दहापट महाग वस्तूवर दहाव्या हिश्श्याचीही माहिती नसावी, हे ग्राहकाने मुकाट्याने का सोसावं?

मग मोजायचं काय? पानाच्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, हा पहिला आकडा; त्याला पीपीएफडी म्हणतात. त्याला दिवा चालू असलेल्या तासांनी आणि ०.००३६ ने गुणलं की दिवसभराची बेरीज मोलमध्ये मिळते, ती डीएलआय. समजा पानावर १०० मायक्रोमोल पडतात आणि दिवा १२ तास चालतो. बेरीज ४.३ मोल. सावलीत तग धरणाऱ्या पानांच्या झाडांना, म्हणजे मनीप्लांट, झीझी, स्नेक प्लांट यांना, रोज दोन ते चार मोल मिळाले की ती नीट वाढतात. तुळस, पुदिना यांसारख्या उन्हाच्या रोपांना दहा-बारा मोल तरी हवेत. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी आपल्याकडे उघड्यावर ही बेरीज चाळिशीच्याही पुढे जाते. एवढ्या आकड्यांवरूनच कळतं की मनीप्लांटला पुरलेला दिवा तुळशीला का पुरत नाही.

मायक्रोमोल मोजायचं यंत्र महाग असतं, पण पांढऱ्या एलईडीसाठी साधा लक्समीटर चालतो. लक्सच्या आकड्याला ७० ने भागलं की मायक्रोमोलचा कामापुरता अंदाज मिळतो. खिडकीतल्या दिवसाच्या उजेडासाठी ५४ ने भागावं. जांभळ्या दिव्याखाली हा हिशोब लागू होत नाही, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे. म्हणजे जांभळा दिवा घेतला की ग्राहकाला परवडणारं एकमेव मोजमापही हातातून जातं.

याच आकड्यांतून ‘साधा बल्ब चालत नाही’ या अनुभवाचा उलगडा होतो. अनुभव खोटा नाही, त्याचं दिलेलं कारण खोटं आहे. छताजवळच्या ट्यूबचा उजेड टेबलावर येईपर्यंत शे-दोनशे लक्स उरतो, म्हणजे दोन-तीन मायक्रोमोल. डोळा त्या उजेडात आरामात वर्तमानपत्र वाचतो, झाड मात्र उपाशी राहतं. आता नऊ वॅटचा, सुमारे ९०० लुमेनचा साधा बल्ब पानांच्या वर वीतभर अंतरावर आणा. थेट खाली साधारण तीन ते चार हजार लक्स पडतात, म्हणजे ४५ ते ५५ मायक्रोमोल. बारा तासांत दोन मोलांच्या आसपास. मनीप्लांटचं भागलं. तोच बल्ब दोन विती दूर नेला की प्रकाश चौथाईवर येतो आणि त्याच बल्बखाली तेच झाड खंगू लागतं. फरक अंतराचा पडला. स्पेक्ट्रम तोच राहिला. लांब पट्टीच्या दिव्यांचा प्रकाश अंतराबरोबर इतक्या झपाट्याने घटत नाही आणि सगळ्या कुंड्यांवर सारखा पडतो, म्हणून फळीवरच्या रोपांसाठी २० वॅटची पांढरी ट्यूबपट्टी बल्बपेक्षा सोयीची. तुळशीसाठी अशा तीन-चार पट्ट्या शेजारी शेजारी, पानांच्या जवळ आणि रोज चौदा तास लावाव्या लागतात. एक पट्टी रोज बारा तास चालली तर महिन्याला सव्वासात युनिट वीज जाते. हा खर्च आधी मांडून मग ठरवावं.

कुणी म्हणेल, मग ग्रो लाइट घ्यायचेच नाहीत का? किंवा उलट टोकाला जाऊन, घरात कृत्रिम उजेडात झाडं वाढवण्याची हौस हवीच कशाला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि तोही बहुधा ढगाळ. तिथल्या किंवा टोरंटोच्या मराठी घरात तुळस थंडीभर जगवायची, कढीपत्त्याला वसंतापर्यंत न्यायचं, तर उबेबरोबर दिवा लागणारच. मुंबईतल्या उत्तरेच्या खोलीत राहणाऱ्या माणसालाही बियाण्याची रोपं करायची असतील तर तोच मार्ग आहे. ही गरज खरी आहे, आणि ती खरी आहे म्हणूनच तिच्यावर पोकळ शब्द विकणं मला गैर वाटतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घ्यावेत, पण आकडे पाहून. झाडं जास्त असतील, फळभाजी किंवा ऑर्किडसारखी फुलझाडं वाढवायची असतील, दिवे वर्षभर चालणार असतील, तर चांगला ग्रो लाइट विजेत पैसे फेडतो. त्याची कसोटी एका ज्यूल विजेत किती मायक्रोमोल प्रकाश मिळतो ही. साधा बल्ब साधारण १.४ च्या आसपास असतो. अमेरिकेतल्या डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियमने बागायती दिव्यांची यादी सुरू केली तेव्हा किमान मर्यादा १.९ ठेवली होती, आणि आजचे चांगले दिवे २.५ च्या पुढे जातात. जो उत्पादक हा आकडा देतो, प्रत्यक्ष खाल्ले जाणारे वॅट देतो आणि कोणत्या अंतरावर किती प्रकाश पडतो याचा तक्ता देतो, त्याच्या दिव्याला दोन पैसे जास्त मोजायला माझी हरकत नाही. त्याने खोक्यावर ‘फुल स्पेक्ट्रम’ छापलं काय आणि न छापलं काय, काही बिघडत नाही.

म्हणून विक्रेत्यांना आणि कार्यशाळा घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे: रंगांची गोष्ट सांगण्याआधी आकडे सांगा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे, आणि १० वॅटच्या दिव्यावर ४० वॅट छापणं हे त्या तरतुदीच्या कक्षेत यावं असंच आहे. वाचकांना विनंती अशी की दिवा घेताना तीन प्रश्न विचारा. तो प्रत्यक्षात किती वॅट खातो? त्यातून किती मायक्रोमोल प्रकाश निघतो? माझ्या झाडापासून वीतभर अंतरावर किती पडतो? तिन्हींचं उत्तर मिळालं नाही तर तो दिवा परत ठेवा, जवळच्या दुकानातून लुमेन छापलेला पांढरा एलईडी बल्ब किंवा पट्टी आणा, पानांच्या जवळ टांगा आणि रोज बारा तास चालू ठेवा. एवढं केलंत की सावलीतल्या बहुतेक घरगुती झाडांची प्रकाशाची गरज भागते.